घेतला, दिला की झाला? बाप्तिस्म्याच्या अर्थाचा आढावा

मराठी ख्रिस्ती बोलीत बाप्तिस्म्याला तीन क्रियापदे लागतात. पाळकसाहेब बाप्तिस्मा देतात, मोठा माणूस तो घेतो आणि तान्ह्या बाळाचा तो होतो. चौथे क्रियापद शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे, ‘बाटला’. ते बहुधा माघारी उच्चारले जाते. बाप्तिस्म्याच्या अर्थाविषयी दोन हजार वर्षे चाललेला वाद या चार क्रियापदांत बराचसा मावतो. पाणी किती असावे, वय काय असावे, हे प्रश्न आधी कानावर येतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. त्यांच्या तळाशी मात्र एक जुना प्रश्न आहे: या विधीत करणारा कोण? देव, माणूस की मंडळी?

शब्दाची अडचण

मुळात ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, पाण्यात घालणे. मराठी बायबलने तो भाषांतरित न करता ‘बाप्तिस्मा’ असाच घेतला. कॅथलिकांनी ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही रुळवला. हा निवाडा वाटतो तितका साधा नव्हता. बंगालमधल्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी आपल्या बंगाली नव्या करारात ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द घातला, तेव्हा इतर पंथांनी हरकत घेतली. ज्यांच्याकडे डोक्यावर पाणी ओततात त्यांनी हे पुस्तक कसे वापरायचे? 1830 च्या दशकात बायबल सोसायट्यांनी अशा भाषांतरांना पैसा देणे नाकारले. त्यावरून बाप्टिस्टांनी 1836 साली अमेरिकेत आणि 1840 साली इंग्लंडमध्ये वेगळ्या संस्था काढल्या. एका क्रियापदावरून दोन खंडांत संस्था उभ्या राहिल्या. मूळ शब्द तसाच ठेवला की भांडण मिटत नाही, फक्त वाचकाच्या दारात जाऊन थांबते. मराठीत तेच झाले.

यार्देन ते मिलान

ज्यू परंपरेत शुद्धीसाठी पाण्यात उतरण्याची रीत येशूच्या आधीपासून होती. पण तिथे माणूस स्वतःच बुडी मारी. योहानाचे वेगळेपण असे की तो दुसऱ्याला पाण्यात घाली. म्हणूनच लोकांनी त्याला ‘बाप्तिस्मा करणारा’ हे नाव दिले असावे. म्हणजे ‘घेणे’ आणि ‘देणे’ हा भेद यार्देनच्या काठावरच सुरू झाला. योहानाचा बाप्तिस्मा पश्चात्तापाचा होता. मग निष्पाप मानलेल्या येशूने तो का घेतला, हा प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानात खुद्द योहानालाच पडलेला दिसतो.

नव्या करारात एकच एक व्याख्या नाही, प्रतिमा मात्र अनेक आहेत. रोमकरांस पत्रात पौल त्याला ख्रिस्ताबरोबर मरणे आणि पुरले जाणे म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात पाणी आणि आत्मा यांपासून जन्म आहे. गलतीकरांस पत्रात ख्रिस्ताला वस्त्रासारखे अंगावर घेणे आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पापांची क्षमा आणि पवित्र आत्म्याचे दान आहे. कबर, गर्भ, वस्त्र, आंघोळ. पुढच्या पंथांनी यातली एकेक प्रतिमा उचलून तिच्याभोवती आपली शिकवण बांधली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

लहान मुलांचे काय? फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, लुदियाच्या घरच्यांनीही घेतला. त्या घरांत पाळण्यातली मुले होती की नव्हती, ते लिहिलेले नाही. गेल्या शतकात जर्मनीत योआखिम येरेमियास यांनी 1958 साली ‘होती’ या बाजूने पुरावे मांडले. कुर्ट आलांट यांनी 1961 साली ते खोडून काढत बालबाप्तिस्म्याचा ठाम पुरावा 200 सालाच्या आसपासच मिळतो असा दावा केला. 2009 साली एव्हरेट फर्ग्युसन यांनी मोठा ग्रंथ लिहून आणखी एक शक्यता पुढे ठेवली. बालबाप्तिस्मा शिकवणुकीतून आला नसावा, आजारी मुलांच्या उशापासून आला असावा. मरणाच्या दारातल्या लेकराला घाईने बाप्तिस्मा दिल्याचे सांगणारे थडग्यांवरचे लेख हा त्यांचा आधार आहे. मला हा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो. धर्मशास्त्र बऱ्याचदा आईबापांच्या मागून धावत येते.

‘दिदाखे’ या फार जुन्या पुस्तिकेत विधीच्या व्यावहारिक सूचना आहेत. वाहते पाणी मिळाले तर उत्तम. ते नसेल तर दुसरे चालेल, थंड नसेल तर कोमट. दोन्हीही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. पुढे ज्या मुद्द्यांवर पंथ फुटले, त्यांत ही पुस्तिका किती सैल हाताने वागते!

तिसऱ्या शतकात मते फाटू लागतात. तेर्तुलियन मुलांच्या बाबतीत थांबा म्हणतो. पन्नासेक वर्षांनी कार्थेजचा सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे 66 बिशप म्हणतात की सुंतेसारखी आठव्या दिवसाचीही वाट पाहू नका. चौथ्या शतकात बरेच लोक उलट टोकाला गेले. बाप्तिस्म्याने सारी पापे धुतली जातात आणि तो एकदाच मिळतो, तर मग शेवटापर्यंत राखून ठेवावा, असा हिशेब. सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीनने 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये अँब्रोझच्या हातून घेतला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. पुढे याच ऑगस्टीनने दोन निर्णायक गोष्टी मांडल्या. मूल आदिपाप घेऊन जन्मते, म्हणून त्यालाही बाप्तिस्म्याची गरज आहे. आणि बाप्तिस्मा देणारा धर्मगुरू नालायक निघाला तरी बाप्तिस्मा खोटा ठरत नाही, कारण खरा देणारा ख्रिस्त. ‘दिला’ या क्रियापदाचा कर्ता त्याने माणसाकडून काढून देवाकडे सोपवला.

सोळाव्या शतकातली फूट

ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी रोमशी वैर घेतले, पण बालबाप्तिस्मा सोडला नाही. ल्यूथरला तर बाळ हेच कृपेचे उत्तम उदाहरण वाटे, कारण त्याच्याकडे दाखवायला कर्तृत्वच नसते. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांनी कराराची भाषा वापरली. अब्राहामाच्या वंशात सुंतेने जशी मुले करारात येत, तशी आता बाप्तिस्म्याने येतात.

21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमध्ये झ्विंग्लीच्याच काही शिष्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. त्यांच्या मते तो ‘पुन्हा’ नव्हताच, कारण पाळण्यातला बाप्तिस्मा मुळात झालाच नव्हता. विरोधकांनी त्यांना ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ असे नाव ठेवले. 5 जानेवारी 1527 रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्त्झ याला झुरिकच्या लिम्मात नदीत बुडवून मारले. ही शिक्षा देणाऱ्यांना तिचा खवचटपणा कळत असणार. एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. या पहिल्या मंडळींनी पाणी ओतले होते, बुडवले नव्हते. पूर्ण बुडवण्याचा आग्रह इंग्लिश बाप्टिस्टांमध्ये शंभरेक वर्षांनी, 1640 च्या दशकात, पक्का झाला.

आज कोण काय मानते

वसईच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा झाल्यावर स्नानसंस्कार असतो. आईबाप बाळाला घेऊन येतात, सोबत धर्मपिता आणि धर्ममाता. फादर आधी नाव विचारतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात, तेल लावतात. कुंडावर बाळाचे डोके धरले जाते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी पडते आणि बाळ रडू लागते. मग टाळूवर सुगंधी अभिषेक-तेल, अंगावर पांढरे वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती धर्मपित्याच्या हाती. शेवटी नोंदवहीत नाव. पुढे त्याच नोंदीच्या समासात दृढीकरण आणि लग्न यांची टिपणे होतात.

कॅथलिक शिकवणुकीत इथे खरोखर काही घडते. आदिपाप पुसले जाते, बाळ ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव होते आणि आत्म्यावर कायमची मोहोर बसते. म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणूनच, मरणोन्मुख बाळाला कोणीही तो देऊ शकते, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा. फक्त पाणी हवे, ते शब्द हवेत आणि चर्चला जे करायचे असते ते करण्याचा हेतू हवा. या औदार्याची दुसरी बाजू म्हणजे शब्दांबाबतचा काटेकोरपणा. 2020 साली व्हॅटिकनने जाहीर केले की ‘मी’ ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले असेल तर तो बाप्तिस्माच नव्हे. त्यानंतर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका धर्मगुरूने वर्षानुवर्षे दिलेले हजारो बाप्तिस्मे रद्दबातल ठरले. दुसरीकडे, बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांच्या वाट्याला येणाऱ्या ‘लिंबो’ या अधांतरी अवस्थेची जुनी कल्पना 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने बाजूला सारली आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे असे म्हटले. केरळमधल्या सिरियन परंपरेसह पूर्वेकडची मंडळी बाळाला बाप्तिस्मा, अभिषेक आणि ख्रिस्तप्रसाद एका दमात देतात. तिथे ‘कळत्या वयाची’ वाट पाहणे कशासाठीच नसते.

आता दुसरे दृश्य. गावाबाहेरची नदी, पाळक कमरेइतक्या पाण्यात. बाई पदर पिनांनी पक्का करून आत उतरते. पाळक काठावरच्यांना ऐकू जाईल असे विचारतात, येशूला प्रभू मानतेस का? ती हो म्हणते. एक हात तिच्या पाठीमागे, दुसऱ्या हातातला रुमाल नाकावर, आणि ती क्षणभर उताणी पूर्ण पाण्याखाली. खोकत वर येते तेव्हा काठावर गाणे सुरू झालेले असते आणि कोणीतरी टॉवेल घेऊन धावते. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि पेन्टेकोस्टल मंडळ्यांत बाप्तिस्मा म्हणजे ही साक्ष. तारण विश्वासाने आधीच झालेले असते, पाणी त्याची जाहीर कबुली असते. पेन्टेकोस्टल आणखी एक पायरी धरतात, पवित्र आत्म्याचा वेगळा बाप्तिस्मा.

ल्यूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन मंडळ्या मधल्या पट्ट्यात उभ्या आहेत. त्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि मोठेपणी दृढीकरणात त्याच्याकडून होकार घेतात. या पट्ट्यालाच मोठा धक्का आतून बसला. कार्ल बार्ट या विसाव्या शतकातल्या बड्या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने 1943 साली व्याख्यानात अशा आशयाचे सांगितले की ज्याला विचारलेच नाही त्याला बाप्तिस्मा देणे ही चर्चच्या अंगावरची जखम आहे. ऑस्कर कुलमान यांनी 1948 साली उत्तर दिले की देवाची कृती आधी, माणसाचा प्रतिसाद नंतर, हा क्रम बाळाच्या बाबतीत मोडत नाही, उलट स्पष्ट होतो. दोन्ही बाजूंनी यापेक्षा धारदार मांडणी त्यानंतर फारशी झालेली नाही.

मुक्तिफौज आणि क्वेकर मात्र पाणीच वापरत नाहीत. मुक्तिफौज 1882 साली मुंबईत उतरली, दुसऱ्याच वर्षी तिच्या नेतृत्वाने संस्कार बंद केले. तिच्या सैनिकाला ध्वजाखाली शपथ असते, बाप्तिस्मा नसतो. नगर जिल्ह्यात अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ती ख्रिस्ती नाहीत असे कोणी म्हणत नाही.

लिमा आणि नागपूर

1982 साली पेरूच्या लिमा शहरात जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवकाई यांवर एक मसुदा मंजूर केला. त्याने म्हटले की बाळाचा बाप्तिस्मा असो की प्रौढाचा, दोन्हींत देवाची देणगी आणि माणसाचा प्रतिसाद आहे, फक्त प्रतिसादाची वेळ वेगळी. आणि पुनर्बाप्तिस्मा भासेल असे काही कोणी करू नये.

यापूर्वी बारा वर्षे हा प्रयोग आपल्याकडे प्रत्यक्ष सुरू झाला होता, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि न देणारे बाप्टिस्टही. तीनदा बुडवणारे ब्रदरनही त्यात आले. दोन्ही पद्धती पर्यायी म्हणून मान्य झाल्या. आईबापांनी ठरवावे, बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की आशीर्वाद देऊन थांबायचे. कागदावर हे सुरेख दिसते. पेच येतो तो एका विशिष्ट माणसाचा. लहानपणी बाप्तिस्मा झालेला तरुण विशीत पाळकांकडे येतो आणि म्हणतो, तेव्हा मला काही कळत नव्हते, आता मला घ्यायचा आहे. त्याला हो म्हटले तर पहिला बाप्तिस्मा खोटा ठरतो. नाही म्हटले तर तो पलीकडच्या पेन्टेकोस्टल मंडळीत जातो आणि तिथे घेतो. एकीकरणाच्या वाटाघाटींतही ही गाठ होतीच, आणि ती आजही सुटलेली नाही.

बाप्तिस्मा आणि आप्त

युरोपातला वाद ख्रिस्ती घराच्या आतला आहे. तिथे न घेतलेला बाप्तिस्मा हा अपवाद होता. महाराष्ट्रात घेतलेला बाप्तिस्मा हा अपवाद होता, आणि त्यामुळे बाप्तिस्म्याचा अर्थच बदलला.

वसईकडे आणि गोव्यात सांगोवांगी एक गोष्ट चालत आली आहे: पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि गाव बाटले. ख्रिस्ती दृष्टीने यात बाप्तिस्मा नाहीच. ना शब्द, ना हेतू, ना विश्वास. तरी जातीच्या दृष्टीने काम तमाम झाले. पाणी तेच, पण अर्थ ठरवणारा तिसराच.

एकोणिसाव्या शतकात ही रेषा आणखी ठळक झाली. मिशनच्या शाळेत शिकणे, बायबल वाचणे, मिशनऱ्याशी वाद घालणे, हे सारे चालत असे. 1839 साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. 1843 साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टाने तो वडिलांच्या ताब्यात दिला आणि मुंबईच्या ब्राह्मणांपुढे प्रश्न आला, याला परत घ्यायचे का? बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यावे अशी बाजू लावून धरली, कर्मठांनी विरोध केला. पाणी पडलेले नसतानाही एवढा गदारोळ. पडले असते तर शास्त्रार्थाचीही गरज उरली नसती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर जणू या लेखासाठीच घडले. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी दोन वर्षांच्या मनोरमेचा झाला. एक माय, एक लेक, दोन क्रियापदे. पण रमाबाईंच्या लेखी त्यातून अँग्लिकन चर्चचा हुकूम मानण्याचे बंधन आले नव्हते. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या एका गैरसमजाभोवती फिरतो. जेराल्डीनना वाटे की हिने आमच्या चर्चमध्ये प्रवेश घेतला. रमाबाई सांगत राहिल्या की मी ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आले आहे, एका पुरोहितवर्गातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायला नव्हे. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले की खरा ख्रिस्त आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. ‘आधी विश्वास, मग पाणी’ म्हणणाऱ्यांना हे अडचणीचे आहे. ‘पाण्याने सारे झाले’ म्हणणाऱ्यांनाही.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याने घर कसे मोडले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहेच. म्हणूनच अखेरच्या काळातला त्यांचा निर्णय विचार करायला लावतो. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ होता. ज्याने स्वतः पुरती किंमत मोजली होती, तो इतरांकडून ती मागायला तयार नव्हता. 1919 साली टिळक गेले आणि दरबार वाढायचा राहिला.

टिळकांचा प्रश्न मात्र 1970 च्या दशकाच्या आरंभी पुन्हा वर आला. धर्मशास्त्रज्ञ एम. एम. थॉमस यांनी विचारले की ख्रिस्ताला मानणारा हिंदू आपल्या समाजातच राहिला तर काय बिघडले? बाप्तिस्मा भारतात जातबदलासारखा झाला आहे. बिशप लेस्ली न्यूबिगिन यांचे उत्तर अशा अर्थाचे होते की दिसणाऱ्या मंडळीशिवाय ख्रिस्ती असणे निव्वळ मनातले राहते, आणि ज्या मंडळीत ब्राह्मण आणि महार एकाच भाकरीत वाटेकरी होतात, तिला बाहेरून पर्याय नाही. या वादात मला न्यूबिगिन यांचे पारडे थोडे जड वाटते, पण एका अटीवर: मंडळी खरोखर तशी असली तर. 1991 साली हर्बर्ट होफर यांनी तमिळनाडूतल्या बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा अभ्यास छापला आणि अशी माणसे चार-दोन नसल्याचे दाखवले. त्यांत स्त्रिया लक्षणीय होत्या. घर सोडणे ज्यांना परवडणार नव्हते त्या.

न सुटलेले

कायद्याने या प्रश्नाला आणखी एक टोक काढले आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. या प्रश्नावर विचार करायला 2022 साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. ती हिंदू असल्याचे सांगत होती, पण तान्हेपणी झालेला तिचा बाप्तिस्मा आणि चर्चमधली नियमित हजेरी न्यायालयाने विचारात घेतली. बार्ट यांना जो ‘न विचारता’ दिलेला बाप्तिस्मा अपुरा वाटत होता, तो इथे पुराव्याला पुरेसा ठरला. धर्मशास्त्रज्ञांनी या निकालाकडे अजून म्हणावे तसे पाहिलेले नाही.

मंडळ्यांच्या आत उरलेला प्रश्न लहान दिसतो. प्रभुभोजनाच्या रविवारी ताटली रांगेतून फिरते. बऱ्याच मराठी मंडळ्यांत मागच्या बाकावर एखादी बाई असते. वीस वर्षे येते, सगळी गीते तिला पाठ आहेत, उपासाच्या प्रार्थनेला हजर असते. घरी देव्हारा आहे आणि बाप्तिस्मा नाही. ताटली तिच्यापाशी आली की ती भाकरीला हात न लावता पुढे देते. अलीकडे काही पाळक तिला घेऊ द्यावे म्हणतात. काही म्हणतात, आधी पाणी. नियमपुस्तकांत या दुसऱ्यांची बाजू भक्कम आहे. आणि ती बाई स्वतः काय म्हणते, हे अजून कोणी नीट विचारून लिहून घेतलेले नाही.